फाटक्या बाह्या

सोमवार, ४ मार्च

आज तिसरा शर्ट! शर्ट गेला खड्ड्यात — बाबा धडपडले, कोपर सोललं. बेल वाजली की साहेब धावत येतो, बाबांची बाही दातांत धरतो आणि ओढत सुटतो. माझ्याकडे फिरकतसुद्धा नाही. फक्त बाबा.

ताईचा फोन. ‘उद्या हाड मोडलं तर कोण बघणार त्यांना? तू दिवसभर ऑफिसात. एक तर त्या कुत्र्याला वळण लाव, नाहीतर देऊन टाक कुणाला.’ महिनाअखेरपर्यंतची मुदत. मुदत मिळाली की मला बरं वाटतं. बावीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात काढली, मुदतीशिवाय हात चालत नाही.

बाबांना म्हटलं, कुत्र्यांची शाळा शोधतेय. ‘त्याला कशाला शाळा? शिकलेला आहे तो!’ मग नेहमीचा विनोद — ‘जन्मभर साहेबांनी मला पळवलं, आता मी साहेबाला पळवतो.’ कुत्र्याचं नाव ठेवलं त्या दिवसापासून ऐकतेय.

गुरुवार, ७ मार्च

शाळा पहिली. जनावरांच्या डॉक्टरांनी पत्ता दिला. मोकळं मैदान, शिट्टी गळ्यात अडकवलेला मिशीवाला. मी मनात त्याचं नाव फौजदार ठेवलं. वीस कुत्री एका ओळीत बसलेली. एक शेपूट हलेल तर शपथ.

‘पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा. बेल वाजो नाहीतर बँड वाजो, जागचा हलणार नाही.’ सोडायची तारीख ११, न्यायची तारीख २६. कागदावर लिहून, सही करून! असा माणूस विरळा.

पण ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही.

शनिवार, ९ मार्च

शाळा दुसरी. शाळा कसली, एका बाईंचं मागचं अंगण. बाई जमिनीवर मांडी घालून, अंगभर कुत्र्यांचे केस. नुसता गोंधळ. एकाने माझी ओढणी चघळली.

‘किती दिवस लागतील?’
‘ते तो सांगेल.’
‘कोण तो?’
‘कुत्रा.’

आधी दोन-तीनदा घरी येऊन बघणार म्हणे. वर चार पानी फॉर्म. शिवाय विचारतात, ‘ओढून नेतो कुठे?’ मला काय माहीत! मी बाबांना सोडवण्यात असते. त्यांनी तो प्रश्न पेन्सिलीने फॉर्मवर लिहून दिला.

‘अहो, मला महिनाअखेर काम झालेलं हवंय.’
‘मग कॅलेंडर पाळायचं होतंत!’

हसल्या वर. मी फॉर्म पर्समध्ये कोंबला आणि निघाले.

रविवार, १० मार्च

ठरत नाही. सकाळपासून खोलीत येरझाऱ्या. बाबा टीव्हीसमोर, आवाज बंद. मी घरी असले की बंदच ठेवतात, माझ्या कामात लुडबुड नको म्हणून. खालच्या पट्टीवरच्या बातम्या वाचतात. तीस वर्षं छापखान्याच्या मशीनवर काढलेल्या माणसाला शांतता गोड लागणारच.

संध्याकाळी फौजदारांना फोन केला. तारीख देणारा माणूस बरा.

सोमवार, ११ मार्च

सोडून आले. साहेब फाटकात बसला, मागे वळून पाहत.

बाबा दारापर्यंतही आले नव्हते. ‘तुला तारीख मिळाली ना? झालं तर मग.’

शुक्रवार, १५ मार्च

बाह्या शाबूत. बाबा दाराकडे तोंड करून खुर्ची टाकतात, दिवसभर तिथेच. विचारलं तर म्हणे, वारा येतो. दार तर बंद असतं!

मंगळवार, १९ मार्च

शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. ‘बाबा रागावलेत का गं माझ्यावर? दोनदा बेल वाजवली, उघडलंच नाही.’ म्हटलं, कुत्र्यावरून रुसलेत, मनावर घेऊ नका. घरी येऊन बाबांना चार शब्द सुनावले. त्यांनी मान डोलावली. वाद नाही, विनोद नाही. जिवाला चैन नाही माझ्या.

शनिवार, २३ मार्च

किल्ली ऑफिसात राहिली. दुपारी चारला दारात. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार बडवलं. काकू बाहेर आल्या, वरच्या मजल्यावरचेही डोकावले. बाबा नाहीत. घर तळमजल्यावर, मागून स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावले.

बाबा ओट्याशी, पाठमोरे, निवांत कांदा चिरत होते.

‘बाबा!’ एका हाताचं अंतर. ओरडले. सुरी थांबली नाही. मग माझी सावली ओट्यावर पडली आणि ते दचकून वळले.

दार उघडलं. ‘कधीपासून?’ मी विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते — डोळ्यांकडे नाही. नेहमी तिथेच बघतात! बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधतेय मी.

‘मशीनवर असतानाच सुरुवात झाली. दोन वर्षं झाली, आता काहीच ऐकू येत नाही.’
‘बोलला नाहीत ते!’
‘मग तुम्ही मला घरी एकटं ठेवलं असतंत? ताईने सामानासकट उचललं असतं. आणि साहेब होता की! बेल, कुकर, तुझी हाक — येऊन सांगायचा. सहा महिने खपलो त्याला शिकवायला. हल्ली मी उठायला वेळ लावतो, म्हणून जोरात ओढतो बिचारा.’

आणि मी त्याला कुठे पाठवलंय!

फॉर्म काढला पर्समधून. ओढून नेतो कुठे? — दाराशी.

रविवार, २४ मार्च

सकाळीच मैदानावर. फौजदार खुशीत. ‘दोन दिवस आधीच तयार आहे बघा!’ टेबलावरची बेल दाबली. साहेबाचा एक कान हलला. फक्त कान. मग फौजदारांकडे पाहिलं आणि मान पुन्हा पंजांवर.

‘काय? म्हटलं होतं ना?’

म्हटलं होतं खरं.

घरी आणला. वाटेत बाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. किती दिवस लागतील, हे मी विचारलं नाही.

बुधवार, २७ मार्च

ताईने पाठवलेला नवा कोरा शर्ट बाबांनी आज घडी मोडून घातला. पूर्ण बाह्यांचा. बाई साहेबाशेजारी जमिनीवर. मला बाहेर काढलं — ‘वाजवत राहा.’

सतरा वेळा वाजवली. अठराव्यांदा दाराआडून कापड टरकल्याचा आवाज आला.