चार अंशांचा कल

३ मार्च, सोमवार
धाकट्या बहिणीच्या प्रयोगशाळेत पहिला दिवस. संपादकांना तिच्या उपग्रहावर लेख हवा, मला तिला भेटायला निमित्त.

उपग्रह म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा डबा. हवेच्या पातळ उशीवर तरंगणारं टेबल, त्यावर तो. भोवती तांब्याच्या तारांची पुरुषभर उंचीची वेटोळी. ती अवकाशात जाणवणारं पृथ्वीचं चुंबकत्व इथे उभं करतात. डब्याने त्यावरून दिशा ओळखायची आणि दहा मिनिटं तिकडेच तोंड करून राहायचं. थोडक्यात, स्थितप्रज्ञ व्हायचं. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर रॉकेटमधली जागा दुसऱ्याला. तीन वर्षांचं काम.

आत लोखंड चालत नाही. दारातच घड्याळ, किल्ल्या, पँटचा पट्टा काढून घेतला. "दादा, पेनसुद्धा." चोरसुद्धा वार्ताहराला पेन ठेवतो. बाकीच्यांच्या अंगावरून चुंबक शोधायची कांडी फिरवतात, मला सोडलं. बाईंचे थोरले बंधू!

४ मार्च, मंगळवार
डबा चार अंश तिरका. मी नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे ओढली, तर पाच.
"लाजतोय तुला," धाकटी म्हणाली. दुपारनंतर विनोद बंद.

५ मार्च, बुधवार
नगरपालिकेची सभा, तीन तास. तिथे कुणाचंच तोंड कुणाच्या दिशेला नव्हतं.
संध्याकाळी तिचा फोन. आज डबा सरळ राहिला. "पण का राहिला ते कळत नाही, दादा. असं सरळ राहिलेलं काय कामाचं?"

६ मार्च, गुरुवार
पुन्हा चार अंश. दिशा ओळखणाऱ्या यंत्राची जोडणी तिने स्वतःच्या हाताने केली होती. "माझंच चुकलंय. उघडते." उघडला की जुळवायला आठवडा — म्हणजे रॉकेट गेलं. चूक आपलीच, असं मानायची तिला लहानपणापासून घाई.

मी असलो की तिरका, नसलो की सरळ — हे मला तेव्हा सुचलं. हात आपोआप शर्टावर गेला. आत चुंबकपट्टा. पाठदुखीवर रामबाण, बारा चुंबकं, दोन महिने बांधतोय. औषध म्हणून बांधलेलं, लोखंडात मोजायचं डोक्यातच आलं नाही. आणि गेल्याच वर्षी याच पट्ट्यांवर लेख लिहून मी भोळ्या जनतेची टर उडवली होती.

मिनिटभर गप्प बसलो. हो, बसलो. तिने पितळी पेचकस उचलला तेव्हा म्हटलं, "थांब," आणि सहा इंजिनियरांसमोर शर्ट वर केला.

सगळे पोट धरून हसले. धाकटी नाही. पट्टा तिने स्वतः बाहेर नेऊन ठेवला.
"किती दिवस दुखतंय?"
"प्रश्न वार्ताहराने विचारायचे असतात."

७ मार्च, शुक्रवार
दहा मिनिटं. केसभरही हलला नाही. टाळ्यासुद्धा हळू वाजवल्या — टेबलाला वारा लागेल म्हणून. सोमवारी ती त्याला घेऊन प्रक्षेपणाला निघणार.

९ मार्च, रविवार
ती जात नाही. सहकाऱ्याला पाठवतेय. उद्या दहाला माझ्या पाठीचा एक्स-रे; तिनेच वेळ घेऊन ठेवली आहे. मी भांडलो — अगं, तीन वर्षं!
म्हणाली, "तो आता आपला आपण सरळ उभा राहतो, दादा. तू राहत नाहीस."