पृथ्वीच्या वजनाची खोली

मी, शैला दत्तात्रय खांबेटे, वय सत्तावीस, अविवाहित, सरकारी प्रयोगशाळेत रसायनज्ञ, राहणार बालीगंज, कलकत्ता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे, बुद्धी जागेवर आहे. पुढच्या आठवड्यात डमडमहून विमानाने दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला जायचे आहे. माझे काका श्यामराव वकील आहेत. ते म्हणाले, "विमानात बसणाऱ्यानं मृत्युपत्र करावं. परत आलीस की फाडून टाक." सल्ला योग्य वाटला.

१. माझी बँकेतील शिल्लक महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयाला, विज्ञानाच्या पुस्तकांसाठी द्यावी. त्यातून कादंबऱ्या घेऊ नयेत.

२. माझी आकडेमोडीची पट्टी, म्हणजे स्लाइडरूल, सहकारी श्रीकांत पुरंदरे यांना. ती गेले वर्षभर त्यांच्याकडेच आहे.

३. मी मराठीत लिहिलेले हेन्री कॅव्हेंडिश यांचे चरित्रही पुरंदरे यांनी छापून घ्यावे. हायड्रोजन हा निराळा वायू असल्याचे या इंग्रज गृहस्थांनी दाखवले. विजेचा जोर मोजायला साधन नव्हते, तेव्हा त्यांनी धक्के स्वतःच्या अंगावर घेतले. विजेसंबंधीचे बरेचसे काम मात्र छापलेच नाही. ते गेल्यावर कित्येक वर्षांनी उजेडात आले. बोलणे त्यांना नको असे. जेवणाचा हुकूम चिठ्ठीवर, आणि मोलकरणींनी समोर यायचे नाही; दिसली की तिची नोकरी गेली. काकू म्हणतात, "तुझं नि त्याचं बरं जमलं असतं." जमले नसते. मी जिन्यात दिसताच नोकरी गेली असती. चरित्रातून हा भाग गाळू नये.

४. राहत्या घरातील तळमजल्याची मागची खोली वडिलांकडून माझ्या वाट्याला आली आहे. कॅव्हेंडिश यांनी ज्या रीतीने पृथ्वीचे वजन काढले, ते उपकरण मी तिथे उभारले आहे. तारेला टांगलेली आडवी दांडी, तिच्या टोकांना शिशाचे लहान गोळे, शेजारी मोठे गोळे. मोठ्यांच्या ओढीने दांडी केसभर वळते; ती किती वळली यावरून पृथ्वीचे वजन काढता येते. अंगाच्या उबेनेसुद्धा हवा हलते, म्हणून दार लावून, दारातल्या भोकातून बाहेरून दुर्बिणीने पाहायचे. उपकरण हलवले तर सगळे पहिल्यापासून. काकांनी मात्र पुण्याहून बदलून येणारा बँकेचा एक अधिकारी या खोलीसाठी भाडेकरू म्हणून हेरून ठेवला आहे.

५. जुना हिशेब. गेल्या खंडेनवमीला प्रेमलताकाकूंनी विळी आणि शिवणयंत्राबरोबर माझ्या उपकरणाचीही पूजा केली. झेंडूचे फूल एकच उरले होते, ते एकाच गोळ्यावर वाहिले. तार पिळवटून तुटली. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "एका फुलानं तुझी पृथ्वी हलते, तर कसलं गं हे यंत्र?"

मी नवी तार बसवून त्यांना दाराबाहेर नेले. दुर्बीण दाखवली. तेव्हापासून त्या दाराबाहेर स्टुलावर बसून तांदूळ निवडतात आणि कोणाला आत जाऊ देत नाहीत. काकांना तर नाहीच. "ट्राम गेली, थांब जरा. आता बघ," असे त्या मला सांगतात, आणि ते बरोबर असते. माझ्या मागे निरीक्षणे त्याच घेतील. आकडा कोणताही येवो, पुरंदरे यांनी तो प्रसिद्ध करावा.

६. म्हणून मी मेले तर खोली व उपकरण प्रेमलताकाकूंचे. जगले तर माझे. भाडेकरूचे कोणत्याही परिस्थितीत नाही. काकांनी हे कलम वाचून चष्मा पुसला आणि "कायद्यात बसतं" एवढेच म्हणाले.

साक्षीदार म्हणून काकू सही करणार होत्या. ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे म्हणून काकांनी पेन काढून घेतले.

"मला काय मिळालंय?" काकूंनी विचारले.

"मागची खोली," मी म्हणाले.

काकूंनी पदराला हात पुसले. "अहो, त्या बँकवाल्यांना दुसरीकडे बघायला सांगा."

वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे.

शैला दत्तात्रय खांबेटे

साक्षीदार, आमच्यासमक्ष:
१. निर्मलेंदु घोषाल, शेजारी
२. मंदाकिनी मनोहर आगटे, शिक्षिका

बालीगंज, कलकत्ता
२१ ऑगस्ट १९५५