निमंत्रण समजू नये

३ जून, सकाळ
आजपासून पॉडकास्ट सुरू. निर्णय पक्का, अपील नाही. नाव ठरलं, 'वकिलांचं ऐका'. बायको लेकीकडे राहायला गेली आहे, त्यामुळे घरात शांतता आहे. रेकॉर्डिंगला उत्तम. जाताना म्हणाली, तुमच्याशी बोलायचं तर तारीख घ्यावी लागते. विनोद असावा.

५ जून
पहिला भाग भाडेकरारावर. कपाटात डोकं घालून बोललं की आवाज घुमत नाही, असं ऑनलाइन वाचलं होतं. तिच्या कपाटात डोकं घातलं. घुमतो. कपडेच उरले नाहीत आत.

१० जून
श्रोते चार. एक मी, दुसरा माझाच ऑफिसचा फोन, तिसरी लेक. चौथा कोण? एखादे न्यायाधीश असावेत.

आकडे सांगतात की सुरुवातीचं निवेदन संपायच्या आत बहुतेक जण पळतात. 'हा कायदेशीर सल्ला नव्हे, जाहिरात नव्हे, यातलं कोणतंही विधान आश्वासन, विनंती किंवा निमंत्रण समजू नये' वगैरे. सगळं मीच ड्राफ्ट केलंय. एक शब्द काढणार नाही. लोकांना धीर नाही, दुसरं काय.

१३ जून
पॉडकास्टच्या ब्लॉगवर पहिली कमेंट! 'फारच उपयुक्त माहिती, सर.' सविस्तर आभार मानले, घरच्यांची चौकशीही केली. लगेच उत्तर आलं, 'फारच उपयुक्त माहिती, सर.' खाली वजन कमी करायच्या गोळ्यांची लिंक. तरी माणूस आदबशीर वाटला.

१७ जून, दुपार
लेकीचा फोन. चौथा श्रोता तिची आई! रोज भाजी चिरताना ऐकते म्हणे. मी म्हटलं, कायद्याची गोडी उशिरा का होईना लागली. लेक म्हणाली, बाबा, ती वाट बघतेय. फोन करून नुसतं 'ये' म्हणा.

इतकं सोपं असतं तर लोकांनी वकील कशाला केले असते? शिवाय तोंडी बोलण्याला रेकॉर्ड नाही. पुढच्या भागात मुद्दा पद्धतशीर मांडीन.

१९ जून
मसुद्यासाठी नवीन ऑनलाइन टूल घेतलं. टाइप केलं, पत्नीने घरी परत यावे, भाषा सौम्य. त्याने लिहिलं, 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं. मला करमत नाही. ये.'

मशीनला कायद्याचा गंध नाही. 'खायला उठतं' ही अतिशयोक्ती. 'करमत नाही' याला पुरावा काय? (करमत नाही हे खरं आहे. पण खरं असणं वेगळं आणि लेखी देणं वेगळं.) मी सुधारून लिहिलं, 'सदर घराचा सध्या पूर्ण क्षमतेने वापर होत नसून, संबंधित व्यक्तीने पुनरागमनाचा विचार केल्यास हरकत घेतली जाणार नाही.' दोनदा मोठ्याने वाचलं. यापेक्षा सौम्य भाषा शक्य नाही.

२० जून
भाग प्रसिद्ध केला. सुरुवातीला निवेदन नेहमीप्रमाणे, पूर्ण. मग स्वयंपाकघर आवरलं. तिची खुर्ची पुसली. बेल वाजली की दाराकडे जातो. सगळ्या बेल शेजाऱ्यांच्या.

२३ जून
लेकीचा फोन. आईने सुरी खाली ठेवून अख्खा भाग ऐकला. मग विचारलं, तुझ्याकडची खिडकीजवळची खोली मी कायमची घेतली तर चालेल का?

मी म्हणालो, अगं, गैरसमज होतोय. लेक म्हणाली, निमंत्रण समजू नये असं तुम्हीच म्हणालात. मी म्हणालो, ते सगळेच वकील घालतात, त्याचा कोणी अर्थ लावत नाही. ती म्हणाली, आई लावते. तुम्ही शब्द तोलून वापरता, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

फोन ठेवून निवेदन पुन्हा वाचलं. मसुदा निर्दोष आहे.

२४ जून, सकाळ
आज तोंडी युक्तिवाद. शब्द एकच, 'ये'. आरशासमोर सराव केला. चांगला जमतो.

२४ जून, थोड्या वेळाने
फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, बोला. मी घसा साफ केला. विचारलं, साखरेचा डबा कुठे आहे? ती म्हणाली, वरच्या फळीवर, डाळींच्या मागे. आणखी काही? मी म्हणालो, सध्या नाही. ती म्हणाली, बरं.

डबा तिथेच होता. मला साखर बंद आहे. ती तिनेच बंद केली होती.