किशोर कपाटाची निरवानिरव

मी, कुमारी मालन धाकू मेस्त्री, वय वर्षे सत्तर, निवृत्त ग्रंथपाल, राहणार सागरछाया सोसायटी, दुसरा मजला, बाभई, बोरिवली पश्चिम, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकून पाहणारे मला आयुष्यात भेटले, त्यांची हकीगत पुढे येईल. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

वर ‘निवृत्त’ असं लिहिलं ते केवळ रीत म्हणून. मला काढलं होतं.

१. मी लग्न केलं नाही. आईवडील आणि भाऊ हयात नाहीत. जवळचा वारस म्हणजे भावाचा मुलगा निलेश, राहणार मुलुंड. गावच्या जमिनीतला हिस्सा आणि आईच्या पाटल्या सोडल्यास माझ्या नावावर जे आहे ते सर्व स्वकष्टार्जित आहे. वडिलांकडून आणखी एक गोष्ट आली, पण तिची नोंद कुठल्या कचेरीत होत नाही. ते कणकवलीकडून गिरणीत आले, त्यांना अक्षरओळख नव्हती. पाळीवरून आले की मला पेपर वाचायला बसवत. मी दहा वर्षांची असताना विहिरीत सापडलेल्या एका बाईची बातमी वाचत होते. मला कसंतरीच झालं म्हणून मधल्या चार ओळी सोडून पुढे गेले. वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, “माका वाचूक येना नाय, पण तू मधला गाळलंस की माका कळता.” मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ग्रंथपाल म्हणून माझं शिक्षण तिथे झालं. विद्यापीठाची पदवी नंतरची.

२. किनारा सार्वजनिक वाचनालयात मी तीस वर्षं नोकरी केली. मी लागले तेव्हा तिथे मुलांसाठी राक्षस आणि राजकन्या होत्या, आणि मोठ्यांसाठी मोठ्यांची पुस्तकं होती. तेरा वर्षांचं पोर आलं की त्याला दोन्हीकडून हाकलत. ते पोर मग यायचंच बंद होई. भांडून भांडून मी एक कपाट मिळवलं, त्याला ‘किशोर’ अशी पाटी लावली आणि त्यात कादंबऱ्या भरल्या. त्यातली प्रत्येक मी आधी वाचली होती. मुलं आली की मी त्यांना यत्ता विचारत नसे. विचारायची, “कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंस, आणि कुठल्या पानावर?” त्या उत्तरावरून पुढचं पुस्तक काय द्यायचं ते बहुतेक वेळा कळतं.

३. या कलमाच्या कच्च्या प्रतीत मी ‘एक मुलगी’ असं लिहिलं होतं. श्रुतिकाने ती प्रत वाचली आणि विचारलं, “बाई, माझं नाव का नाही यात?”

“तुला त्रास नको, म्हणून.”

“मी काही केलं नव्हतं. नाव लिहा.”

म्हणून लिहिते. श्रुतिका ही वाचनालयाचे तेव्हाचे कार्यवाह श्यामसुंदर राऊळ यांची मुलगी. २०१४ साली ती दहावीत होती. एका शनिवारी ती किशोर कपाटापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, “बाई, असं एखादं पुस्तक आहे का, ज्यात मुलगी घरी सगळं सांगते?”

मी कारण विचारलं नाही. तशा तीन कादंबऱ्या मला ठाऊक होत्या. दोन कादंबऱ्यांत सांगितल्याबरोबर सगळे तिला पोटाशी धरतात. त्या मी दिल्या नाहीत, कारण तसं होतंच असं नाही आणि पंधरा वर्षांच्या मुलीला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिसरीत त्या मुलीवर कोणी विश्वास ठेवत नाही, घरात बोलणं बंद होतं, पण ती शब्द मागे घेत नाही. ती मी दिली.

श्रुतिकाने पुस्तक दोनदा बदलून घेतलं, म्हणजे तेच पुन्हा नेलं. मग एका रविवारी दुपारी जेवताना तिने आईवडिलांना सांगितलं, की शिकवणीचे सर बाकीची मुलं गेल्यावर तिला एकटीला थांबवून घेतात आणि अंगाला हात लावतात. ते सर राऊळांचे जुने मित्र. आई, सपनाबाई, खाली मान घालून वाढत राहिल्या. राऊळ म्हणाले, हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं? कादंबरी तिथेच टीपॉयवर होती, वाचनालयाचा शिक्का असलेली. त्यांना उत्तर मिळालं.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक लागली. मागण्या तीन होत्या. किशोर कपाटाला कुलूप लावावं, कोणी कोणती कादंबरी नेली ती देवघेवीची वही समितीकडे द्यावी, आणि मी माफीनामा लिहून द्यावा. बैठकीआधी आमचे लेखनिक श्यामकांत मला मागच्या खोलीत घेऊन गेले. म्हणाले, “बाई, एक वाक्य बोला आणि सुटा. म्हणा, मी हे वाचलं नव्हतं, चुकून गेलं हातून.” ते मनाने चांगले. मला निवृत्तीला वर्षसुद्धा राहिलं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

राऊळांनी बैठकीत नेमकं तेच विचारलं. “मॅडम, तुम्ही हे पुस्तक वाचलं होतं का?” माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं, हे सगळ्यांना कळत होतं.

मी म्हटलं, “दोनदा वाचलंय. आणि तिच्यासाठी मुद्दाम काढून दिलं. उद्या कोणी तसंच मागितलं तर पुन्हा देईन.”

महिनाअखेर मला घरी बसवलं.

चार महिन्यांनी त्याच शिकवणीच्या आणखी दोन मुलींनी तोंड उघडलं. त्यातल्या एकीची आई पोलिसांत गेली, तेव्हा श्रुतिकाही जबाब द्यायला गेली. खटला चालला, शिक्षा झाली. समितीतलं कोणी माझ्याकडे आलं नाही. मीही वाट पाहिली नाही, असं लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटं नको. वर्षभर पाहिली.

४. देवघेवीची ती वही मी बैठकीच्या आदल्या दिवशी पिशवीतून घरी आणली, बादलीत भिजवली आणि तिचा लगदा केला. ती वाचनालयाची मालमत्ता होती, याची मला जाणीव होती आणि आहे. गुन्हा असल्यास कबूल आहे. पंधराव्या वर्षी कोणी काय वाचलं, हे ज्याने वाचलं त्याच्यापाशी राहावं. ती शोधायला माझ्या मागे कपाटं उचकू नयेत.

५. राहतं घर आणि त्यातल्या सुमारे अकराशे कादंबऱ्या, कपाटांसह, मी श्रुतिका श्यामसुंदर राऊळ हिला पूर्ण मालकी हक्काने देते. ती आता अंधेरीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. नोकरी गेल्यावर मी दर शनिवारी बाहेरची खोली मुलांना उघडी ठेवली, तेव्हा पहिली आली ती हीच. जिन्यात चपला फार होतात अशी सोसायटीने दोनदा लेखी तक्रार केली. दोन्ही पत्रं टेबलाच्या खणात आहेत, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी नव्या पुस्तकांच्या याद्या केल्या. इमारत पाडून नवी बांधायचं चाललं आहे. नवीन घरातही बाहेरची खोली शनिवारी उघडी राहावी अशी इच्छा आहे. वकिलांनी सांगितलं, अट घालू नका. घालत नाही. श्रुतिकाला अटीची गरज नाही.

बँकेतली शिल्लक तिने नव्या कादंबऱ्यांसाठी वापरावी. माझ्या आवडीच्या पुस्तकांना फार धरून बसू नये. आजची मुलं ज्याला घाबरतात ते माझ्या वेळच्या लेखकांनी पाहिलेलंसुद्धा नाही.

६. पुतण्या निलेश याला गावच्या जमिनीतला माझा हिस्सा आणि आईच्या पाटल्या. घर त्याला न देण्याचं कारण राग हे नाही. पण गेल्या दिवाळीत तो माझ्या कपाटांकडे बघून म्हणाला, “आत्या, हे सगळं रद्दीत घालून इथे मस्त सोफा कम बेड येईल.” निलेश, तुझ्या दृष्टीने तू बरोबर आहेस, म्हणूनच. तुझी मुलगी निधी तेरा वर्षांची आहे. तिने या घरातून हवं ते पुस्तक न्यावं आणि तुला दाखवू नये. तू या मृत्युपत्राला हरकत घेऊ शकतोस. घेण्याआधी तिला विचार.

७. किनारा वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव आहे. श्यामसुंदर राऊळ आता अध्यक्ष आहेत. त्यांचं पत्र आलं, की शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचा आहे आणि ‘योग्य ती छाननी करून’ माझा संग्रह ‘मालन मेस्त्री दालन’ म्हणून ठेवायचा आहे. मी नाही म्हणून कळवलं. माझ्या मागे पुन्हा विचारणा होईल, म्हणून इथे लिहून ठेवते. त्यांना एकही पुस्तक देऊ नये. माझा फोटो तिथे लावू नये. त्यांच्या सभागृहात शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर भाषणात मला ‘मृदू स्वभावाच्या’ म्हणू नये.

८. नेल्सन रोझारिओ, राहणार गोराई, याला मी काही देत नाही, फक्त माफी मागते. त्याचे वडील बोटीवरून गेले ते परत आले नाहीत, त्यानंतर तीन महिन्यांनी तो तरीतून खाडी ओलांडून माझ्याकडे आला. चौदा वर्षांचा. मी त्याला समुद्रात बाप हरवलेल्या मुलाची कादंबरी दिली. मला वाटलं, त्याला सोबत होईल. पुढच्या शनिवारी त्याने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “बाई, मला दुसरं काहीतरी वाचायचं होतं.” मी दुसरं शोधेपर्यंत तो जिना उतरला होता. पुन्हा आला नाही. त्याला हसवणारं काहीतरी हवं होतं. मी अर्धवट टाकलेल्या पुस्तकाचं विचारलंच नव्हतं, मला वाटलं मला सगळं कळतं. समितीने मागितलेला माफीनामा मी दिला नाही. हा मात्र न मागता देते. नेल्सन, माझं चुकलं. त्याची आई पेट्रिशिया हे सगळं जाणते, आणि तरी साक्षीला यायला तयार झाली, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

९. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून श्रुतिकाला नेमते. माझे अंत्यविधी निलेशने त्याच्या सोयीने करावेत. मात्र शनिवार आला तर मुलं आल्यावर दार बंद नसावं. त्यांना पुस्तक बदलून द्यावं, मग बाकीचं.

१०. साक्षीदारांबद्दल. दुसरे साक्षीदार म्हणून श्यामकांत येणार होते. आज सकाळी त्यांचा फोन आला. “बाई, राऊळसाहेबांशी माझा रोजचा संबंध. मला यात नका घेऊ.” मी ठीक आहे म्हटलं. मी पेट्रिशियाला विचारत होते, की आता आयत्या वेळी कोण मिळेल. श्रुतिकाला सोडायला तिची आई आली होती, दाराशीच उभी होती. अकरा वर्षांत त्या माझ्या घरात आल्या नव्हत्या.

सपनाबाई म्हणाल्या, “मी केली सही तर चालेल?”

“चालेल. पण तुमच्या घरी कळेल.”

“कळू दे. त्या रविवारी पोर बोलत होती आणि मी तिला आमटी वाढत होते. तिच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.” मग त्या आत येऊन बसल्या आणि सगळे कागद पहिल्यापासून वाचले. मी चहा ठेवला. तिसऱ्या कलमाला त्या थांबल्या, चष्मा पुसला, पुढे वाचलं. शेवटी पेन हातात घेऊन विचारलं, “नुसतं सपना राऊळ लिहू, की पूर्ण?”

पेट्रिशिया म्हणाली, “तुम्हाला हवं तसं लिहा.”

“पूर्ण लिहिते,” त्या म्हणाल्या. “त्यांचंही नाव येऊ दे यात.”

येणेप्रमाणे मी माझ्या मालमत्तेची आणि मनातल्या गोष्टींची व्यवस्था लावली आहे. वरील मजकुरात खाडाखोड नाही. दहावं कलम लिहून झाल्यावर मी तो सगळा मोठ्याने वाचला, काही गाळलं नाही, आणि खाली नमूद दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकींसमोर सह्या केल्या.

ठिकाण: बाभई, बोरिवली पश्चिम
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मृत्युपत्र करणार:
(सही) मालन धाकू मेस्त्री

साक्षीदार:

१. (सही) पेट्रिशिया रोझारिओ, राहणार गोराई

२. (सही) सपना श्यामसुंदर राऊळ, राहणार बोरिवली पश्चिम