मेलेल्या शेवग्याला पाणी

॥ श्री ॥
बुदैया, बहरीन
४ ऑक्टोबर

ती. ताई व ती. दाजी यांस संदेशचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून गावी निघालेल्या अमीरकडे हे पत्र देतोय.

आमच्या बिल्किस मॅडमना बागेचं वेड. सध्या त्यांच्या तोंडी एकच नाव, विल्यम केंट. तीनशे वर्षांपूर्वीचा इंग्रज. घरं बांधायचा, बागा आखायचा. सरळ रेघ त्याला खपत नसे. बाग रानासारखी खरी वाटावी म्हणून राजाच्या बागेत त्याने मेलेली झाडंही लावली म्हणे! मॅडमनाही तसंच एक हवं झालं. मी जिदहफ्सच्या एका मळ्यातून वाळलेला शेवगा आणून हिरवळीच्या मधोमध पुरला.

इथवर ठीक. पण झाड लावायचं आणि पाणी घालायचं नाही, हे या हाताला कुठे माहीत? रोज सकाळी देवाचं नाव घेऊन इतरांबरोबर त्यालाही घालत गेलो. काल पाहतो तर दोन कोंब!

पुढच्या महिन्यात मॅडमचे पाहुणे खास ते मेलेलं झाड बघायला येणार आहेत. ते नीट पार पडलं तरच विशाखाच्या लग्नाला लीव्ह. काय करू, खुडू का?

तुमचा आशीर्वाद असू द्यावा.
संदेश

आबलोली
२३ ऑक्टोबर

चि. संदेश यास शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाजी एवढे हसले की कवळी हातात आली. विचारतात, मेलेल्याला उठवणारा मेव्हणा घरात असून आमची विहिरीवरची मोटर का उठत नाही?

अरे, मेलेलं झाड लावायचा पगार मिळतो, आणि तेही तुला जमेना? मुकाट्याने खूड ते कोंब. विशाखाने बजावलंय, मांडवात न्यायला मामा नसेल तर ती खोलीतून बाहेर पडणार नाही. देवाला काय सांगायचं ते मी सांगते.

येताना खजूर आण. मागच्यासारखा चिकट नको.

तुझी वाट बघणारी,
ताई

॥ श्री ॥
बुदैया
१६ नोव्हेंबर

ती. ताई व ती. दाजी यांस शि. सा. नमस्कार.

खुडायला गेलो आणि हात जोडून परत आलो. मग युक्ती केली. कोंबांपुढे पक्ष्यांच्या पाण्याची मातीची परळ टांगली. पाहुणे आले, बुलबुलही आले. सगळे वा वा करत असताना मॅडमच्या म्हाताऱ्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या जुन्या शिक्षिकेने, काठीने परळ बाजूला सारली. मागे वीतभर फांदी, पानांसकट! मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, रोज पाणी मीच घालतो.

बाई काठीवर रेलून हसत सुटल्या. मॅडमना म्हणाल्या, केंटच्या मेलेल्या झाडांनाही लोक हसले होते, शेवटी त्याने तो नाद सोडला. तुझ्या माळ्याने तुला त्या हशातून वाचवलंय. मग मॅडमही हसल्या. खलास, विषय संपला, जा म्हणाल्या, भाचीचं लग्न कर. पण आधी दुसरं मेलेलं झाड आण आणि त्याला पाण्याचा थेंबसुद्धा दाखवू नकोस.

आणलं. माझ्या माघारी बाग आमचे ड्रायव्हर, रत्नागिरीचे तौकीरभाई सांभाळतील. मॅडमसमोरच त्यांना बजावलं, याला पाणी मफी, अजिबात नाही. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

आज पहाटे नमाज आटोपून ते त्याच झाडापाशी उभे दिसले. हातात पाण्याचा लोटा होता.

मी देवाचं नाव घेतलं आणि बॅग भरायला आत गेलो.

विशाखाला म्हणावं, नीघ खोलीतून. लोभाला असंच पाणी घालत राहावं.

तुमचा,
संदेश