पोत्याखालची गुणगुण

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

सकाळी दुकानात गुलाबाच्या ढिगावर पाणी शिंपडत होतो. अब्बा गल्ल्याजवळ बसले आणि रोजचा प्रश्न विचारला, आल्या का रे? म्हणजे मधमाश्या. शुगरने दोन्ही डोळे गेले तेव्हापासून अब्बा माल कानाने तपासतात. ढिगावर मधमाशी गुणगुणली की माल चांगला, मग पहिला हार. तोपर्यंत सुई हातात धरून बसायचे. दोन वर्षे माश्या कमी होत होत्या. या दिवाळीपासून एकही नाही; अब्बा थोडी वाट पाहून नाइलाजाने ओवायला घेतात.

आज अब्बा दहा वाजेपर्यंत सुई धरून बसले. गुरुवार, दर्ग्याला गर्दी, आणि हार शून्य. मी म्हणालो, थंडी आहे. शेजारचा चहावाला सेवादास म्हणाला, थंडी माशीले लागून राह्यली, अन् घाम तुले काहून येऊन राह्यला? मी कपाळ पुसले.

निश्चय: पुढच्या गुरुवारपर्यंत दुकानात मधमाश्या आणणे. अवघड नाही. नववीपर्यंतच शिकलो, पण विज्ञानात साठ मार्क होते. माशीला गोड लागते. गूळ घरी आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बशीत गुळाचे पाणी ठेवले. मुंग्या आल्या. मग गांधीलमाश्या आल्या. गुणगुण ऐकून अब्बांनी मान वर केली, आणि लगेच खाली घातली. म्हणाले, ही आपली नोहे, हिचा आवाज जाड आहे. तेवढ्यात ती एका बाईंच्या अंगठ्याला चावली. चुना लावला. दोन हार फुकट दिले. बाईंचे मिस्टर बरेच काही बोलले, ते लिहिण्यासारखे नाही.

प्रयोग अंशतः यशस्वी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

राजपाल तांड्यावरून मोटारसायकलवर गुलाब आणतो. त्याला विचारले, तुझ्या शेतातल्या माश्या कुठे गेल्या? तो हसला. म्हणाला, दोन दिवसाआड औषध मारतो, बांधावरचं तण जाळून टाकलं, माशी काय माती खाईन? मी म्हणालो, मग कशाला मारतोस? तर म्हणाला, वा रे भाऊ! एका पाकळीवर डाग दिसला तं टोपली वापस कोण करते? तूच ना?

मी सांगितले की स्वच्छ माल मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. तो मुद्दा वेगळा आहे. त्याची गल्लत करू नये.

आज दोन टोपल्या परत केल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मुदत संपली. अब्बांनी विचारले, आल्या का? मी म्हणालो, आल्या, दोन. हे खोटे नव्हते. थोडे आधी केलेले विधान होते. अब्बांनी विचारले, कुठं? म्हणालो, निशिगंधावर. त्यांनी निशिगंधाकडे कान केला. बराच वेळ. मग सुईत फूल ओवले. ते वाकडे बसले. अब्बांचे फूल मी कधी वाकडे पाहिले नाही.

संध्याकाळी ते तहसीन आपाला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला म्हणाले, अमान म्हणते माशा आल्या, मले तं काहीच ऐकू येत नाही. डोळे गेले, आता कानही चालले. उद्यापासून मले दुकानात नेऊ नका. तिथं बसून मी करू काय?

आपाने माझ्याकडे पाहिले. मी त्याच वेळी खरे सांगू शकलो असतो. पण मग सकाळी मी खोटे बोललो असे झाले असते, आणि तसे मी बोललो नव्हतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उपाय सापडला. मोबाईलवाला अशफाक माझा वर्गमित्र. त्याने इंटरनेटवरून मधमाश्यांचा आवाज काढून दिला, एक तास सलग. शिवाय छोटा स्पीकर, उधार. स्पीकर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओल्या पोत्याखाली, गुलाबाच्या बरोबर मागे ठेवला. अब्बांना शेवटचे एकदा चला म्हणून आणले.

चालू केला. अब्बांचा हात थांबला. चेहरा असा झाला की कसा ते लिहिता येत नाही. म्हणाले, ऐकू येऊन राह्यलं, अमान. मले ऐकू येऊन राह्यलं. मग पोत्याकडे तोंड करून म्हणाले, या बाई, इतके दिवस कुठं होत्या? आणि पहिला हार ओवला, सरळ.

पाणी शिंपडताना माझ्या डोळ्यांत गेले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सर्व सुरळीत. अब्बा सातलाच तयार होऊन बसतात. सेवादास विचारत होता, पोत्याखाली कोणती मशीन लावून राह्यला? मी म्हणालो, धंद्याचे गुपित. आपा म्हणते, आंधळ्या बापाला फसवतोस. मी समजावले की चष्मा लावणे म्हणजे डोळ्यांना फसवणे नव्हे. ती म्हणाली, चष्म्यातून असलेलं दिसतं. आपाला वाद घालण्याची सवय आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गर्दीच्या वेळी गुणगुण मध्येच थांबली आणि गुलाबातून एक बाई मोठ्याने म्हणाली, गुडघेदुखीने त्रस्त आहात का? पाच-सहा गिऱ्हाइकांनी ढिगात वाकून पाहिले. एक म्हातारे हो म्हणाले. मी खोकलो, जोरात खोकलो, पाणी सांडले. अब्बांची सुई चालूच होती.

निष्कर्ष: अब्बांना ऐकू आले नाही. अल्लाहचे शुक्र.

जाहिरातीशिवायचा आवाज उतरवून घेणे, लहान असला तरी चालेल.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

साडेनऊला गुणगुण बंद पडली. मी पोत्याखाली हात घालून चाचपत होतो. अब्बा हार ओवता ओवता म्हणाले, तुह्या माशीले चार्जिंगले लाव, बेटा.

सेवादासच्या हातातला चहा सांडला. डबा द्यायला आलेली आपा हसत हसत खाली बसली आणि मग तिचे हसणे थांबेना, मग ते हसणे राहिले नाही.

मी विचारले, कधीपासून माहीत होते? म्हणाले, पयल्या दिवसापासून. माशी फुलात शिरली का चूप होते, निघाली का पुन्हा बोलते, फिरते. तुही एकाच जागी बांधल्यावानी वरडते. मी म्हणालो, मग बोलला का नाहीत? म्हणाले, एक तं कान शाबूत आहेत हे समजलं, त्याचीच खुशी झाली. अन् तू इतकं जपून करून राह्यला होता, तुले कसं म्हणू?

मी सांगितले की योजना तात्पुरतीच होती. खऱ्या माश्या शेतात भरपूर आहेत, फक्त बाजारात येत नाहीत, धुरामुळे. अब्बा म्हणाले, मग मले एकदा शेतात ने.

का बोललो ते कळत नाही. पण शेतात असतीलच. फुले आहेत म्हणजे असणारच.

रविवार, ३० नोव्हेंबर

अब्बांना मोटारसायकलवर मागे बसवून राजपालच्या शेतात नेले. ऊन चांगले पडले होते. वारा नव्हता. समोर सगळा गुलाब, लाल, एकाही पाकळीवर डाग नाही. बांध झाडून काढल्यासारखा स्वच्छ. मी पाहिलेले सर्वांत सुंदर शेत.

अब्बा ओळीच्या मधोमध उभे राहिले. राजपालने भाव, खत, मजुरी, सगळे सांगायला सुरुवात केली. अब्बांनी हात वर केला तेव्हा तो गप्प झाला. मग आम्ही तिघे उभे होतो. मी एका फुलावरून दुसऱ्या फुलावर पाहत गेलो. काही तरी हलले तर ती माशी आहे असे म्हणायचे मी ठरवले होते. काही हलले नाही. लांब रस्त्यावरून एस.टी. गेली, तिचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला.

अब्बांनी चाचपून एक फूल धरले, त्यात बोट घातले, बोट नाकाशी नेले. राजपालला म्हणाले, माल लय साफ आहे तुहा. राजपाल खाली पाहत म्हणाला, चाचा, मागतात तसा पिकवतो.

मी म्हणालो, अब्बा, उशीर झाला असेल, त्या येऊन गेल्या असतील. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, अमान, मोबाईल आणला का?

आणला होता.

म्हणाले, लाव.

मी लावला आणि झुडपात ठेवला. एवढ्या मोठ्या शेतात आवाज फार लहान वाटत होता. अब्बा त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले, संपेपर्यंत. संपल्यावर राजपालने विचारले, चाचा, पुन्हा लावायचा का? त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, ते मला कळले नाही. मी पुन्हा लावला.

  येताना सांगण्यासारखे कारण सुचले नाही.

आजचा खर्च: पेट्रोल १००. चहा तीन, ३०.

देणे: अशफाक, स्पीकरचे ३५०. स्पीकर उद्या परत करणार होतो. आता ठेवून घेतो.