सात जणांच्या कमिटीतला सातवा

बेंगळूर, २३ एप्रिल १९९५

ती. महानंदा अक्कास, त्रिविक्रमचा सा. न. वि. वि.

आमच्या पंपाच्या कारखान्यात पगारवाढीची बोलणी सुरू झाली आहेत आणि युनियनच्या सात जणांच्या कमिटीत तुझा भाऊ आहे. हसू नकोस. आम्ही महिना बाराशेची वाढ मागितली आहे, मनात आठशे धरलेत, मालक पाचशेवर अडलाय. रोज चहाला जो तो आपला आकडा लावतो, मटका लावावा तसा. परवा गेट मीटिंगला मला चेव चढला. मी ओरडलो की हजाराच्या खाली सही करील तो आपला नव्हे. चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरी गोम वेगळीच आहे. करारावर सही होईल त्या दिवशी जो कामावर असेल, त्यालाच वाढ मिळते. आणि मी ३१ मेला निवृत्त होतोय. त्याआधी सही झाली तर माझी चौतीस वर्षांची ग्रॅच्युइटी नव्या पगारावर निघेल, आणि तुझ्या परसात मला नि स्मिताला म्हातारपणी राहायला दोन खोल्या होतील. नंतर झाली तर एकच. म्हणजे गेटवर मी वाघ, आणि घरी कॅलेंडरसमोर बसलेला म्हातारा: उरका रे बाबांनो, स्वल्प कमी चालेल! कमिटीत हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मीही आणून दिलेलं नाही.

तू कान धरशील या भरवशावर ऐट मिरवणारा,
त्रिविक्रम


निपाणी, ४ मे १९९५

चि. त्रिविक्रम यास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझ्या मास्तरांना शिव्या घातल्या. तू जन्मलास भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मला लख्ख आठवतंय. शाळेत घालायला वय भरेना म्हणून मास्तरांनी दिली ठोकून १ जून, आणि आपले बाबा मान डोलावत बसले. नाहीतर दिवाळीपर्यंत तुझी नोकरी होती की रे!

बसवंत गवंडी रोज विचारतोय, पाया एका खोलीचा काढू की दोन. मी दोन सांगितलंय. तेव्हा भाषणं पुरेत. मिळेल त्यावर गप सही कर. त्या पोरांना पुढचा करार मिळेल, त्याच्या पुढचाही मिळेल, तुला नाही. यात लाजायचं काय? चौतीस वर्षं घाम तूच गाळलास ना?

स्मिताला आशीर्वाद. आई-बाबांच्या मागे तुला रागवायला उरलेली,
अक्का


बेंगळूर, २८ मे १९९५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

घात झाला, आणि तो मीच केला.

शुक्रवारी मालकाने सातशे देऊ केले. सोमवारपर्यंत सही करा, नाहीतर सगळं पहिल्यापासून. कमिटीत तिघे हो म्हणाले, तिघे नको. राहिलो मी. व्यवहार कसा बघावा यावर दहा मिनिटांचं भाषण मी पाठ करून गेलो होतो. तोंड उघडणार इतक्यात अभिजीत उठला. हा आमच्यातला सगळ्यात लहान, नोकरीला तीन वर्षं, नको म्हणणाऱ्यांतला. म्हणाला की त्रिविक्रम अण्णा बुधवारी निवृत्त होतायत, थांबलो तर त्यांच्या हाती काहीच लागणार नाही, त्यांच्यासाठी मी माझं मत बदलतो, सही करू या.

अक्का, पोरगा माझं भलंच करत होता. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजाराची आरोळी ठोकणारा मी, आणि माझ्या दोन खोल्यांसाठी चारशे जणांनी कमी घ्यायचं! तोंडून निघून गेलं की माझ्यासाठी कुणीही सही करायची नाही, थांबा. सगळ्यांनी टेबलं बडवली. अभिजीत पाया पडला. आता कारखानाभर माझ्या त्यागाची चर्चा आहे. त्याग कसला डोंबलाचा? लाज वाटली, एवढंच. स्मिताला सांगितलं तेव्हा ती नुसतं ‘सरी, बरं’ म्हणाली आणि भांडी आपटायला लागली.

बसवंतला एकाच खोलीचं सांग. शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझा थोर आणि मूर्ख भाऊ,
त्रिविक्रम


निपाणी, ५ जून १९९५

चि. त्रिविक्रम यास अ. उ. आ.

शिव्या तीन दिवस दिल्या, आता दमले. बसवंतला सांगितलं. निम्मा खणलेला पाया त्याने बुजवला, मजुरी मात्र पुरती घेतली.

आता एवढं केलंसच, तर किती वाढले ते तरी कळव. हजार घेतल्याशिवाय त्या पोरांना हलू देऊ नकोस. स्मिताशी नीट बोल.

रागावलेली, तरी वाट बघणारी,
अक्का


बेंगळूर, १६ जुलै १९९५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

काल करार झाला. सातशे पंचवीस.

होय, बरोबर वाचलंस. दीड महिना थांबून पंचवीस रुपये जास्त. तुझ्या भावाने आपली एक खोली दिली ती एवढ्यासाठी. बातमी ऐकून मी आधी खो खो हसलो. मग न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडलो, स्मिताला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला ऐकू गेलंच. बाहेर आलो तर तिने टॉवेल पुढे केला.

संध्याकाळी अभिजीत आला. मान वर करेना. म्हणाला की पंचवीस रुपयांसाठी आम्ही तुमचं वाटोळं केलं. मी मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं की पंचवीस तर पंचवीस, भांडून घेतलेत, कुणी दान दिलेले नाहीत. तो चहा घेऊन जरा हलका होऊन गेला. त्या दिवशी सही करा म्हणायलाच मी बैठकीला आलो होतो, हे त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

वाटलं होतं, आता तरी शहाणा होईन. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पुन्हा ती बैठक भरली तर मी पुन्हा तेच बोलेन, आणि घरी येऊन पुन्हा रडेन.

पुढच्या रविवारी सामान घेऊन आम्ही दोघं येतोय.

एका खोलीत सहज मावेल एवढाच उरलेला,
त्रिविक्रम